डालडा १३ आणि आमची आत्या

कुठल्याही म्हाताऱ्या बाईचं कौतुक करायला आपल्याला दोन शब्द पुरतात. "ह्या वयातही!" ह्या वयातही स्वतः मंडईत जाऊन भाजी आणतात. ह्या वयातही एसटीनं एकट्या प्रवास करतात. ह्या वयातही व्हॉट्सअ‍ॅप वापरतात, आणि ते सुद्धा फक्त सुप्रभातचे फोटो पाठवायला नाही! असं आपण भारावून बोलतो आणि चहाचा पुढचा घोट घेतो.

कौतुक खरंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गंमत पुढेच आहे. ह्याच गोष्टी आपल्या घरातली बाई करायला लागली की आपलं वाक्य बदलतं. "ह्या वयात कशाला?" भाजी घरपोच येते ना, मग मंडईत कशाला? गाडी करून देतो ना, मग एसटी कशाला? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना, मग तिकडे एकटीनं राहायचं कशाला? म्हणजे बघा, शेजारच्या आजींना 'ह्या वयातही' आणि आपल्या आजीला 'ह्या वयात कशाला'. मधला एक 'ही' गळला की कौतुकाचा मनाईहुकूम होतो.

हा विषय डोक्यात घोळायला कारण दोन बायका. एक अख्ख्या देशाला माहीत असायला हवी अशी आणि दुसरी साताऱ्यातल्या एका गल्लीपलीकडे कोणालाच माहीत नसलेली. पहिलीपासून सुरुवात करते.

९ डिसेंबर २०१७ ला गूगलच्या पानावर एक डूडल होतं. कॅमेरा घेतलेली एक बाई. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, सबमिशनची गडबड चालू होती, आणि अशा वेळी माणूस अभ्यास सोडून जे समोर येईल ते वाचतो, तसं मी त्यावर क्लिक केलं. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या दिवशी त्यांची १०४ वी जयंती होती.

'पहिली महिला अमुक' असं काही वाचलं की मला शाळेतलं सामान्यज्ञानाचं पुस्तक आठवतं. यादी पाठ करायची, परीक्षेत जोड्या लावायच्या, विसरून जायचं. हेही नाव मी विसरून गेले असते. पण सगळ्या माहितीच्या शेवटी एक ओळ होती, की ह्या बाई बडोद्याला आयुष्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे वयाच्या ९८ व्या वर्षापर्यंत, एकट्या राहत होत्या. तिथे मी अडकले. त्या ओळीवरून पुढची काही वर्षं त्यांच्याबद्दल जे हाती लागेल ते वाचत गेले.

थोडक्यात सांगते. होमाईबाईंचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट, त्यामुळे लहानपण कंपनीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव. मग मुंबई. तिथे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. फोटोग्राफी शिकवली ती माणेकशा व्यारावाला ह्यांनी, जे पुढे त्यांचे नवरे झाले. (भेट झाली तेव्हा बाई होत्या १३ वर्षांच्या. हा १३ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) मुंबईतल्या बायकांच्या एका सहलीचे फोटो त्यांनी काढले, ते बॉम्बे क्रॉनिकलनं छापले आणि एका फोटोला एक रुपया दिला. पुढे इलस्ट्रेटेड वीकलीत फोटो येऊ लागले. पण सुरुवातीचे बरेच फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावावर! बाई कॅमेरा घेऊन फिरते हे कोणाला पटणार?

१९४२ साली दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या नोकरीवर. आणि मग पुढची २८ वर्षं आपल्या देशाच्या इतिहासात जे जे महत्त्वाचं घडलं, त्यातल्या कितीतरी प्रसंगी साडी नेसलेली ही एकटी बाई कॅमेरा घेऊन पुरुषांच्या घोळक्यात उभी होती. फाळणीचा प्रस्ताव मान्य करायला हात वर केलेले काँग्रेसचे नेते, माउंटबॅटन ह्यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ साली सिक्कीमच्या डोंगरातून भारतात येणारे तरुण दलाई लामा, १९६१ ची ब्रिटनच्या राणीची भेट. पंडित नेहरूंचे तर त्यांनी इतके फोटो काढले की मोजदाद नाही. त्यातला माझा सगळ्यात आवडता म्हणजे पालम विमानतळावर नेहरू कोणाची तरी वाट बघत उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच पाटी आहे, 'फोटो काढण्यास सक्त मनाई'. :-)

हे सगळं सायकलवरून बरं का. जडशीळ कॅमेरा, फ्लॅशचे दिवे, बाकीचं सामान, आणि साडी. नंतर गाडी आली. तिचा नंबर आला डीएलडी १३. जन्म १९१३ चा, नवऱ्याची भेट १३ व्या वर्षी, गाडीचा नंबर १३. लोक ज्या आकड्याला घाबरतात तो बाईंनी उचलला आणि त्यात 'डीएलडी' मिसळून स्वतःचं टोपणनाव केलं, 'डालडा १३'. आपल्याकडे डालडा म्हणजे खऱ्या तुपाच्या जागी आलेलं नकली तूप. इतकी अस्सल बाई स्वतःला डालडा म्हणवून घेते, ह्यातच तिचा स्वभाव कळावा. नवऱ्याच्या नावानं छापून येणारे फोटो ते स्वतःच स्वतःला ठेवलेलं नाव, असा तो प्रवास.

बहुतेक लेख इथपर्यंत येऊन संपतात. कारण १९७० साली होमाईबाईंनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. आदल्या वर्षी माणेकशा गेले होते. पण थांबण्याचं कारण त्यांनी वेगळं सांगितलं. नव्या फोटोग्राफरांचं वागणं त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या पिढीत कपडे कसे असावेत, समोरच्या माणसाच्या किती जवळ जावं, कुठला क्षण टिपू नये, ह्याचे न लिहिलेले नियम होते. ते गेले. मग बाई म्हणाल्या, बास. वय ५६. आपल्याकडे 'अजून दोन वर्षं काढू, गृहकर्ज फिटेल' असं म्हणत लोक नावडती नोकरी रेटतात. ह्या बाईनं आयुष्यभर जीव लावलेलं काम एका दिवशी बंद केलं आणि त्याबद्दल कधी रडगाणं गायलं नाही.

पुढची ४२ वर्षं लेखांमध्ये एका परिच्छेदात उरकतात. मला नेमकी तीच जास्त महत्त्वाची वाटतात.

एकुलता एक मुलगा, फारूक, पिलानीला बिट्समध्ये शिकवत होता. (होय, तेच बिट्स, जिथे आपल्यापैकी निम्म्यांचा नंबर लागला नाही.) काही वर्षं त्या त्याच्याबरोबर पिलानीला राहिल्या. १९८२ मध्ये दोघं बडोद्याला आले. १९८९ मध्ये फारूक कॅन्सरनं गेला. तेव्हा होमाईबाई ७५ वर्षांच्या होत्या.

आता क्षणभर थांबा आणि आपल्या ओळखीतली अशी एखादी बाई डोळ्यासमोर आणा. ७५ वर्षांची, नवरा नाही, एकुलता एक मुलगा गेलेला. आपलं कुटुंब काय करेल? तेराव्याच्या आतच बैठक बसेल. 'आता ह्यांचं काय करायचं?' प्रश्नातला शब्द बघा. 'ह्यांचं'. 'ह्यांना काय हवंय' असं क्वचितच कोणी विचारतं. पाळीपाळीनं ठेवून घ्यायचं की आश्रमात नाव घालायचं, फ्लॅट विकायचा की भाड्यानं द्यायचा, दागिने कोणाच्या लॉकरमध्ये... आणि ती बाई आतल्या खोलीत बसलेली असते.

होमाईबाई बडोद्याच्या घरात एकट्या राहू लागल्या आणि २२ वर्षं राहिल्या. स्वयंपाक स्वतः, बाग स्वतः. घरातलं सुतारकाम, नळाची किरकोळ दुरुस्ती हेही स्वतः. उतारवयातही गाडी त्या स्वतःच चालवायच्या. दरम्यान जग त्यांना विसरलं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कुठे पुन्हा आठवण झाली. १९९८ मध्ये सबीना गडिहोके ह्यांच्या 'थ्री विमेन अँड अ कॅमेरा' ह्या माहितीपटात त्या होत्या, २००६ मध्ये गडिहोके ह्यांनीच त्यांच्यावर मोठं पुस्तक लिहिलं, २०१० मध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. तेव्हा वय ९७. पण पद्मविभूषण घेऊन आल्यावर घरी चहा कोणी केला असेल? त्यांनीच.

मला ह्या बाईंची मूर्ती करायची नाही. त्यांच्याकडे शिक्षण होतं, धडधाकट शरीर होतं, हातात कला होती. सगळ्यांकडे हे नसतं. आणि एकटं राहणं आणि एकटं पडणं ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं साधारण १० कोटी ३८ लाख होती, त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त, ५ कोटींच्या वर. ह्यातल्या कितीजणींना मुलांनीच वाऱ्यावर सोडलंय, कितीजणी औषधाच्या पैशांसाठी हात पसरतात. त्यांच्यासाठी २००७ साली कायदा करावा लागला, की मुलांनी आईवडिलांना सांभाळलंच पाहिजे. 'बघा, होमाईबाई कशा राहिल्या' असं म्हणून कोणी आपली जबाबदारी झटकणार असेल तर त्यानं हा लेख इथेच बंद करावा, प्लीज.

पण मी ज्या घरांबद्दल बोलतेय ती वेगळी आहेत. तुमची-माझी. जिथे प्रेम आहे, पैसा आहे, आणि त्या दोन्हीच्या जोरावर आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातून एकेक गोष्ट हळूच काढून घेतो. आधी गॅसचं बुकिंग, मग बँकेचं पासबुक, मग भाजीची पिशवी, शेवटी घराची किल्ली. प्रत्येक वेळी हेतू चांगला. 'तुला त्रास नको.' आणि दोन वर्षांनी आपणच एकमेकांना म्हणतो, 'अरे, आई एकदम खचली रे.'

आता दुसऱ्या बाईकडे येते. आमची आत्या. वय ७९, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, काका जाऊन ११ वर्षं झाली. एक मुलगा न्यू जर्सीला, एक मुलगी पुण्यात. आत्या साताऱ्याला तिच्या तीन खोल्यांच्या घरात एकटी राहते. ती 'गोड आजी' प्रकारातली मुळीच नाही. भांडते. रिक्षावाल्याशी, केबलवाल्याशी, पेपरातल्या शुद्धलेखनाशी. एका बँकेत काउंटरवरचा मुलगा तिला म्हणाला, "आजी, घरातल्या कोणाला तरी घेऊन या." आत्यानं विचारलं, "खातं कोणाच्या नावावर आहे?" "तुमच्या." "मग घरातली मी आलेय."

गेल्या पावसाळ्यात ती मोरीत घसरून पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. झालं, आमचा भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. न्यू जर्सी म्हणालं, घर विकून टाकू. पुणे म्हणालं, माझ्याकडे आण. एका चुलतभावानं तर ज्येष्ठांच्या निवासी संकुलाची माहितीपत्रकंच टाकली, लॉन आणि योगवर्गाच्या फोटोंसकट. शेवटी मध्यममार्ग निघाला, की हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे लावू, म्हणजे आपल्याला मोबाईलवर कधीही बघता येईल. आम्ही सगळे आयटीवाले. आम्हाला प्रत्येक प्रश्नावर एक अ‍ॅप सुचतं.

आत्याला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लावा की. पण मग तुम्हा सगळ्यांचे हॉलसुद्धा माझ्या मोबाईलवर दिसू देत. मलाही काळजी वाटते तुमची."

दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. कॅमेऱ्याचा विषय तिथेच मिटला.

काळजीला उत्तर मात्र द्यायलाच हवं होतं, कारण ती खोटी नव्हती. होमाईबाईंचा शेवटही पडण्यानंच झाला. जानेवारी २०१२ मध्ये त्या पलंगावरून पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे श्वासाचा त्रास वाढला आणि १५ जानेवारीला त्या गेल्या. हे वाचून 'बघा, शेवटी काय झालं' असं म्हणणारे भेटतीलच. त्यांना मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे ९८ व्या वर्षी माणूस मुलाच्या, सुनेच्या, नातवंडांच्या गराड्यातही पलंगावरून पडू शकतो. आणि दुसरी, ह्या हकिगतीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा शब्द म्हणजे 'शेजाऱ्यांनी'. बाई एकट्या राहत होत्या, पण त्या पडल्या तेव्हा धावून येणारी माणसं होती. माणसं अशी ऐन वेळी उगवत नाहीत. ती वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून तयार होतात.

आत्याचंही तेच निघालं. ती पडली तेव्हा समोरच्या काकू पाच मिनिटांत आत आल्या होत्या, कारण घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्याहून भारी गोष्ट मला नंतर कळली. आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी रोज सकाळी आठच्या आत एकमेकींना मिस्ड कॉल देतात. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला. फोन उचलायचा नाही, पैसे घालवायचे नाहीत. आठपर्यंत मिस्ड कॉल आला नाही तर उठायचं, चप्पल घालायची आणि तिच्या घरी जायचं. सहा वर्षं चालू आहे. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनी हे ऐकून दाद द्यावी. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे कळायला आपण ठरावीक वेळानं एक 'हार्टबीट' पाठवतो, आला नाही की अलार्म वाजतो. त्यासाठी आम्ही चार मीटिंगा घेतो आणि एक डॅशबोर्ड बांधतो. साताऱ्याच्या तीन म्हाताऱ्यांनी ते फुकटात केलं. आणि त्यात कोणी कोणावर पाळत ठेवत नाही, कारण तिघीही एकमेकींच्या पहारेकरी.

हे पाहिल्यावर माझ्या डोक्यातली स्वतंत्र बाईची कल्पनाच बदलली. आधी वाटायचं, स्वतंत्र म्हणजे जिला कोणाची गरज नाही ती. असं कोणीच नसतं. होमाईबाईंनाही सुरुवातीला कॅमेरा नवऱ्यानं शिकवला, शेवटी शेजाऱ्यांनी उचलून नेलं. कोणाची मदत घ्यायची, कधी घ्यायची आणि कधी 'नको' म्हणायचं, हे जिचं तिनं ठरवायचं, ह्यात सगळं आलं. फोटो काढायचे हे त्यांनी ठरवलं, थांबायचं हेही त्यांनीच ठरवलं, मुलगा गेल्यावर ते घर सोडायचं नाही हेही त्यांनीच. आत्यानं कॅमेऱ्याला नको म्हटलं, पण मोरीत धरायला दांडा बसवून घेतला, खरखरीत फरशी घातली, आणि मोबाईलवरून पैसे भरायला माझ्याकडून शिकून घेतलं. (पिन मात्र मला सांगितला नाही. "तू काय, विसरशील.") मदत तिलाही हवीच आहे. नको आहे ते तिला वगळून घेतलेले निर्णय.

म्हणून माझं मत असं आहे. कोणाला उद्धट वाटलं तरी चालेल. जोवर बाईचं डोकं ठिकाणावर आहे तोवर ती कुठे राहील, कशी राहील, काय धोका पत्करेल, हे तिचं ती ठरवेल. आपण माहिती द्यायची, पैसे लागले तर द्यायचे, दांडा बसवायला सुतार पाठवायचा, आणि गप्प बसायचं. आपली झोप नीट लागावी म्हणून तिचं घर विकायचं नाही. ती पडेल ही भीती खरी आहे. पण पडू नये म्हणून कोणाला आयुष्यभर बसवून ठेवायचं, हा काही इलाज नव्हे. आपण चालायला शिकत होतो तेव्हा ह्याच बायकांनी आपल्याला पडू दिलं होतं.

ह्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. मी २८ वर्षांची आहे आणि पुण्यात एक बीएचके भाड्यानं घेऊन एकटी राहते. घर शोधताना किती मालकांनी विचारलं असेल, "एकट्याच राहणार? घरचे कोणी नाही?" गावाकडचे पाहुणे तर आईला अजून विचारतात, "एकटी कशी राहते हो ती?" आणि आत्याला ७९ व्या वर्षी तेच विचारतात, शब्दसुद्धा तेच. म्हणजे बाईनं एकटं राहायचं योग्य वय नेमकं कुठलं? २८ ला ती लहान असते, ७९ ला म्हातारी असते, आणि मधल्या ५० वर्षांत ती एकटी नसावी अशी सगळ्यांची इच्छा असते. आत्याच्या बाजूनं मी भांडते ती थोडी माझ्याही बाजूनं भांडते. तिला आज 'ह्या वयात कशाला' म्हणू दिलं तर ५० वर्षांनी मलाही तेच ऐकायचंय.

आणि खरं सांगायचं तर, परावलंबी कोण आहे हा प्रश्नही मला हल्ली पडायला लागलाय. कोथिंबीर दहा मिनिटांत दारात आली नाही तर चिडणारी मी. नळ गळायला लागला की अ‍ॅपवर माणूस बोलावणारी मी. ज्या मजल्यावर दोन वर्षं राहतेय तिथल्या शेजाऱ्यांची आडनावं मला दारावरच्या पाट्यांवरून माहीत आहेत, पहिली नावं नाहीत. मी आज मोरीत पडले तर? ऑफिसला कळेल, कारण सोमवारी सकाळच्या मीटिंगला मी दिसणार नाही. म्हणजे शुक्रवारी रात्री पडले तर थेट सोमवारी! होमाईबाई ९८ व्या वर्षी माझ्यापेक्षा जास्त भक्कम होत्या, आणि आत्या आज आहे.

तर मंडळी, ह्या वीकेंडला दोन कामं करा. ओळखीतल्या अशा एखाद्या बाईला फोन करा आणि 'काळजी घे' म्हणून ठेवून देऊ नका. तिला विचारा, की आम्ही तुझ्यासाठी काय करणं बंद करावं? उत्तर कदाचित बोचेल, ऐकून घ्या. आणि दुसरं, समोरच्या दाराची बेल वाजवून नाव विचारून या. मी काल जाऊन आले. समोर राहते ती स्टॅटिस्टिक्सला शिकवते, तीही एकटी असते, आणि तिच्याकडे पाना-पक्कड आहे. उद्यापासून सकाळी आठच्या आत मिस्ड कॉल.